गाडीचं तोंड वाऱ्याकडे

माझी बायको गेली त्याला हा दुसरा उन्हाळा. भेटायला येणारे म्हणतात, सुटली बिचारी. मला राग येतो. ती कुठे अडकली नव्हती की सुटावी. चांगली जगली. तिचं पहिलं स्वतःचं घर चाकांवर होतं, आणि ते घर जायची वेळ आली तेव्हा तिनं ते राखलं. तेवढं मला लिहून ठेवायचं आहे. शाळा चौथीपर्यंत झाली, तेव्हा चुकलं तर चुकलं म्हणा.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. आमचा नंदुरबारचा भाग तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. थोरल्या भावानं आणि मी मिळून लष्कराच्या मोडीतली एक लॉरी घेतली. तिचं पेट्रोलचं इंजिन काढून नंदुरबारच्या एका मिस्त्रीकडून दुसऱ्याच जातीचं डिझेल इंजिन बसवून घेतलं. मागे लाकडी खोली बांधली. तिच्या अर्ध्यात पिठाची गिरणी, अर्ध्यात आमची बाज, पत्र्याची पेटी आणि भांडी. गिरणीला वेगळं इंजिन नव्हतं. गाडी बाजारात उभी करायची, गाडीच्याच इंजिनावरून पट्टा चढवायचा आणि दळायचं. पावसाळा सोडून सगळे दिवस आम्ही नवरा-बायको त्या गाडीत राहायचो. आज या बाजाराला, उद्या त्या.

लोक हसायचे, की घर नाही दार नाही, मोटारीत संसार. बायको हसायची नाही. भावाच्या घरी तिला चुलीजवळ शेवटची जागा होती. मूल झालं नव्हतं, आणि वहिनी ते रोज एकदा तरी तिला ऐकवायची. गाडीत ऐकवणारं कोणी नव्हतं. तिथे चूल तिची, पाणी तिचं. सकाळी बायका उंबऱ्यावर पाणी शिंपडून हळदीकुंकू वाहतात. आमच्या घराला उंबरा नव्हता. मग तिनं गाडीचं पुढचं तोंड, म्हणजे रेडिएटरची जाळी, तोच उंबरा मानला. रोज तांब्याभर पाणी मारायची, वर कुंकवाचं बोट.

इंजिन मात्र तापायचं. गाडी रस्त्यावर पळते तेव्हा समोरचा वारा आपोआप जाळीतून आत जातो. उभ्या गाडीला कुठला वारा? तिथे सगळा भार पंख्यावर. पंखा पुढून हवा ओढतो, ती जाळीतून जाते, आतलं पाणी गार होतं. आमचा पंखा फिरायचा जोरात, आवाजही मोठा, पण दोन-चार पायल्या दळल्या की झाकणातून वाफ. मग थांबा.

खांडबाऱ्याच्या बाजारात फजिती झाली. भाऊ त्या दिवशी मुद्दाम बघायला आला होता. बायकांची रांग लागली होती आणि इंजिनानं अशी वाफ सोडली की पुढच्या बाया डबे टाकून पळाल्या. मी जाळी उघडून बघितली तर तिच्या सगळ्या बारीक फटींत पीठ बसलेलं. पीठ उडत होतंच, त्यावर रोज सकाळचं पाणी. पिठाची कणीक झाली होती आणि इंजिनाच्या आचेनं भाजून कडक झाली होती. मी पेचकसानं एक तुकडा काढला. एक म्हातारा पुढे आला, तुकडा हातात घेतला, वास घेतला आणि म्हणाला, "भाकर बरी शे, मीठ कमी शे." सगळा बाजार हसला. बायको पदर तोंडाला लावून गाडीमागे गेली. मला वाटलं रडते आहे. जाऊन बघतो तर तीही हसत होती.

भाऊ हसला नाही. लाकडाचा एक ठेकेदार त्याच्या ओळखीचा होता, त्याला गाडी हवी होती. भावानं मला सरळ सांगितलं, "आते तरी इकी टाक ते धूड." गिरणी काढून टाकू, लॉरी ठेकेदाराला देऊ, तुम्ही दोघं घरी या, शेतात माणूस लागतोच. मी म्हणालो, होळीआधीचा, वर सातपुड्यातल्या मोलगीचा बाजार करू दे. तो म्हणाला, कर. त्या बाजाराला गाडी दिवसभर बंद न पडता चालली तर ठेव, बंद पडली तर परत येताना ठेकेदाराच्या दारात उभी करायची. मी स्वतः सोबत येतो.

बायकोला सांगितलं तेव्हा ती इतकंच म्हणाली, की त्या घरात मी परत जाणार नाही. आवाज चढवला नाही. मी समजलो.

जाळी साफ करायला दोन दिवस लागले. आता पाणी नाही, शिराईच्या, म्हणजे शिंदीच्या झाडूच्या, काड्यांनी कोरडंच कोरलं, आतून बाहेर. कुंकू तिनं बंपरवर लावायला सुरुवात केली. जाळी आरशासारखी झाली तरी गाडी उभी चालवली की पाणी उकळायचंच. मी मिस्त्रीला शिव्या घातल्या, पंख्याचा पट्टा आवळला, पंख्याची पाती तपासली. काही फरक नाही.

मग तिनं एक काम केलं. इंजिन चालू असताना पेटती गोवरी चिमट्यात धरून जाळीसमोर बसली आणि धुराकडे बघत राहिली. मला हाक मारली. "हाऊ धूर कोठे जास ते दखा."

धूर जाळीतून सरळ आत जायला हवा होता. थोडा जात होता. बाकीचा कडेनं वळून परत पुढे येत होता. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इंजिन दुसऱ्या जातीचं, त्यामुळे पंखा जाळीपासून चांगला वीतभर मागे राहिला होता. मधल्या मोकळ्या जागेतून तो इंजिनाचीच गरम हवा ओढत होता, तीच फिरवत होता. एवढा आवाज करून पंखा स्वतःलाच वारा घालत होता.

तेलाच्या रिकाम्या डब्यांचा पत्रा कापून मी जाळीपासून पंख्यापर्यंत गोल कडं केलं, पंख्याभोवती कॉलरसारखं. पहिल्यांदा घट्ट झालं, पाती पत्र्याला घासून अशी किंचाळली की शेजारचा बैल दावं तोडून गेला. पुन्हा कापलं, बोटभर मोकळं ठेवलं, फटींत गोणपाट कोंबलं. पुन्हा गोवरी धरली. धूर सगळाच्या सगळा जाळीत गेला. ती टाळी वाजवून उठली आणि मला म्हणाली, आता हात लावून बघा. गाडीचा तापाचा काटा आम्ही घेतल्यापासून मेलेला होता. आम्ही रेडिएटरच्या वरच्या नळीवर हात ठेवून बघायचो. हात ठेवता आला तर ठीक, झटकावा लागला तर थांबायचं. त्या दिवशी हात ठेवता आला.

गिरणी आणि इंजिनाच्या मधे तिनं गोणपाटाचा पडदा शिवला, पीठ पुढे येऊ नये म्हणून. आणि एक नियम केला. खळ्यात धान्य उपणताना आपण आधी वारा बघतो, मग उभं राहतो. गाडीही तशीच उभी करायची, तोंड वाऱ्याकडे. वारा पुढून आला की पंख्याला मदत आणि पीठ मागच्या मागे.

मोलगीला आम्ही भल्या सकाळी चढलो. घाटात वारा पाठीमागून होता, गाडी पहिल्या गियरात, म्हणजे वारा मिळतच नव्हता. दर दोन वळणांनी थांबायचो, चाकाखाली दगड, इंजिन हळू चालू. एकदम बंद केलं तर आतलं पाणी तिथेच उकळतं. भाऊ प्रत्येक थांब्याला म्हणायचा, झालं का? बायको खाली उतरून नळीवर हात ठेवायची आणि मला मान हलवायची. चला.

बाजार फुललेला होता. होळीला पाहुणे येणार म्हणून डोंगरातल्या बाया टोपल्या भरभरून मका, ज्वारी घेऊन आलेल्या. त्यांना घरच्या जात्याची सवय, पण एवढं दळण जात्यावर कोण दळेल? पहिली बाई पीठ बोटात घेऊन बघून गेली आणि तिच्यामागे रांग लागली. मी दळत होतो, बायको नळीवर हात ठेवून यायची. दुपार कलेपर्यंत सगळं ठीक. भाऊ एका झाडाखाली बसून बघत होता.

मग वारा फिरला. डोंगरात असंच होतं. तो मागून यायला लागला. पीठ पडद्याच्या वरून पुढे, थेट जाळीवर. बायकोनं नळीला हात लावला आणि झटकन काढला. रांगेत अजून कितीतरी बाया होत्या. मी म्हणालो, एवढं संपवू, मग बघू. ती म्हणाली नाही. तिनं स्वतः गिरणीत धान्य टाकणं थांबवलं आणि मला पट्टा उतरवायला लावलं. गिरणी थांबली. बाजारात एकदम शांत वाटायला लागलं.

भाऊ झाडाखालून उठून आला. आपलं म्हणणं खरं झाल्यासारखा तोंडावर भाव. मला म्हणाला, बंद पडली ना?

आमच्याकडे धाकट्या सुनेनं थोरल्या दिराशी बोलायचं नसतं. समोर आला की पदर पुढे ओढायचा, काही सांगायचं तर दुसऱ्याला सांगून. इतकी वर्षं तिनं ते पाळलं होतं. त्या दिवशी पदर पुढे ओढलेलाच होता, पण बोलली ती त्याच्याशीच.

"बंद नही पडनी, दादा. आम्हीच थांबाडी. इंजिन चालू शे, कान दी ऐका."

भाऊ खरंच ऐकत उभा राहिला. इंजिन हळू हळू चाललं होतं. पंखा फिरत होता.

मी गाडीत बसलो. माणसं बाजूला झाली, टोपल्या उचलल्या गेल्या आणि मी गाडी वळवून तोंड वाऱ्याकडे केलं. बायकोनं शिराईनं जाळी झाडली, कोरडी. आम्ही वाट बघितली. तिनं नळीवर हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला, आणि तिसऱ्यांदा ठेवला तो तसाच ठेवून माझ्याकडे बघून हसली. पट्टा चढवला. गिरणी सुरू झाली तेव्हा रांगेतल्या पोरी ओरडल्या, कोणीतरी ढोलावर टिपरी मारली.

भावानं टोपी काढून खिशात घातली, बाह्या वर केल्या आणि रांगेतली पहिली टोपली स्वतः उचलून गिरणीत ओतली. त्यानंतर शेवटच्या टोपलीपर्यंत तोच ओतत होता. दाढी पांढरी झाली, पापण्या पांढऱ्या. डोंगरातल्या बाया त्याला काहीतरी म्हणून हसायच्या, त्याला भाषा कळायची नाही, तोही हसायचा. ऊन उतरायच्या आत बाजारातलं सगळं धान्य दळून झालं. नळीवर अजून हात ठेवता येत होता.

परत उतरताना भाऊ माझ्या शेजारी बसला. बायको मागे, आपल्या घरात. खाली रस्त्याच्या कडेला ठेकेदाराची वखार लागली. तो दारातच उभा होता, गाडी बघून पुढे आला आणि हात वर केला. मी भावाकडे बघितलं. ब्रेकवर पाय ठेवलाच होता.

भाऊ समोर बघत म्हणाला, "चाल पुढे. थांबू नको."

मी ब्रेकवरचा पाय काढला. मागे लाकडी भिंतीवर बायकोनं आतून हातानं थापा मारल्या, आणि गाडी जोरात तापीकडे निघाली.