पुण्याची पेशंट

पुण्याच्या डॉक्टरांनी रबरी हातमोज्यात बर्फाचे खडे भरले, त्याला गाठ मारली आणि तो गोळा माझ्या डाव्या पापणीवर ठेवला. म्हणाले, "दोन मिनिटं डोळा मिटून बसा." बर्फ काढला, आणि कित्येक आठवडे अर्ध्यावर लोंबकळणारी माझी पापणी टक्कन वर गेली.

"मायस्थेनिया ग्रेव्हिस वाटतोय," डॉक्टर म्हणाले. मग समजावून सांगितलं. मेंदू नसेला निरोप देतो, नस तो स्नायूपर्यंत आणते, पण स्नायूच्या दारातच आपल्या शरीरातले पहारेकरी तो अडवतात. म्हणून पापणी पडते, एकाचे दोन दिसतात, घास गिळायला जड जातो. आजार मुळापासून जाईल असं सांगता येत नाही, आटोक्यात मात्र राहतो.

माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? बर्फ! बर्फ काय पाचोऱ्यात मिळत नाही?

माझं पाचोऱ्याला ब्यूटी पार्लर आहे. लग्नसराईत एका नवरीच्या भुवया करायला बसले होते. दोरा दातात धरला आणि समोर एका भुवईच्या दोन दिसायला लागल्या. वरची खरी की खालची, काही कळेना. चक्कर आली म्हणून वेळ मारून नेली आणि पोरीला दुसरीकडे पाठवलं. माझ्या हातातली नवरी उठून दुसऱ्या पार्लरमध्ये जाते म्हणजे काय, ते माझं मलाच माहीत.

आधी गावातच डोळे तपासले. चष्मा मिळाला. मग जळगावला एमआरआय केला, तो स्वच्छ. तिथल्या डॉक्टरांनी खरं ते सांगितलं, "मेंदूत काही नाही. पण याच्या पुढच्या तपासण्या इथे होत नाहीत. मोठ्या शहरात दाखवा."

मोठं शहर कुठलं? आमच्या खान्देशात दवाखाना आजार बघून ठरत नाही, नातेवाईक बघून ठरतो. माझा भाऊ म्हणाला सुरत, कारण तो सुरतला. चुलत सासरे म्हणाले नाशिक, त्यांची मुलगी तिथे. रुग्णाबरोबर दोन माणसं जाणार, त्यांची पथारी कुठे पडेल आणि डबा कोण देईल, हा पहिला प्रश्न. त्यात माझी थोरली नणंद मंदाताई पुण्याला, घर मोठं, दवाखाने दाराशी. ठरलं पुणं.

मंदाताईंच्या गच्चीवरून मी एकदा नुसत्या दवाखान्यांच्या पाट्या वाचत उभी राहिले आणि माझ्या अंगाची आग आग झाली. इकडे हाडांचं, तिकडे मेंदूचं, पलीकडे नुसतं लहान मुलांचं. त्यांच्या सोसायटीतल्या बायका साड्या बघाव्यात तसे डॉक्टर बघतात. हा नाही पटला, चला पुढच्या गल्लीत. आणि आम्ही? जळगावकर धुळ्याला नावं ठेवतात, धुळेकर जळगावला, आणि तब्येत बिघडली की दोघंही पुण्याच्या गाडीत मांडीला मांडी लावून बसतात.

मंदाताई भल्या आहेत, त्यांना बोल लावणार नाही. पण "आमच्याकडे काय, सगळं चालत गेलं तरी हाताशी," असं त्या सहज म्हणाल्या ना, तेव्हा मला त्यांचा असा राग आला की हातातला चहा गार होऊन गेला.

तपासण्या झाल्या. अँटिबॉडी टेस्ट, म्हणजे त्या पहारेकऱ्यांचा पत्ता लावणारी रक्ततपासणी. नर्व्ह स्टिम्युलेशन, म्हणजे नसेला बारीक बारीक शॉक देऊन स्नायू दमतो का ते बघणं. छातीचा सीटी स्कॅन, कारण छातीत थायमस नावाची ग्रंथी असते आणि कधीकधी सगळी भानगड तिथूनच सुरू होते. माझी ग्रंथी बरी निघाली. गोळ्या सुरू झाल्या, पापणी थोडी वर आली.

मग कळलं की त्याच दवाखान्यात या आजारावरच्या नव्या औषधाची ट्रायल चालली आहे. ट्रायल म्हणजे औषध सगळीकडे मिळायच्या आधी माणसांवर नीट लक्ष ठेवून घेतलेली चाचणी. मी लगेच म्हटलं, माझं नाव घ्या.

डॉक्टर म्हणाले, "दर आठवड्याला यावं लागेल. त्रास झाला तर तासाभरात इथे पोचता आलं पाहिजे. तुम्ही पाचोऱ्याच्या ना? नाही बसणार."

नाही बसणार! आजार तोच, रक्त तसंच, फक्त घर चुकलं.

बाहेर बाकावर ट्रायलमध्ये घेतलेली एक बाई बसली होती. वय माझ्याएवढंच, केस छान कापलेले. मला म्हणते, "दर आठवड्याला यायचं म्हणजे फार बोअर होतं हो." मी हसले. बाई, तुझ्या भुवया मी अशा केल्या असत्या की आरशात बघून रडली असतीस, असं मनात म्हणाले.

मंदाताई म्हणाल्या, "वैशाली, इथेच राहा की सहा महिने." मला पटत होतं, तेच तर वाईट. राहिले असते तर पार्लर बंद पडलं असतं. नाही राहिले आणि श्वासाचे स्नायू दमले, तर? डॉक्टरांनी बजावलंच होतं, ताप-खोकला झाला की या आजारात श्वास अडकू शकतो. मी गावी परतले, पण रोज रात्री उशीला डोकं टेकलं की छाती नीट हलते ना, ते बघायचे.

पावसाळ्यानंतर खोकला झाला. दोन दिवसांत प्यायलेलं पाणी नाकातून यायला लागलं, तिसऱ्या दिवशी दुपारी मान उचलेना. आणि आम्ही काय केलं? जळगाव तासाभरावर. पण आमचे हे म्हणाले, "तू पुण्याची पेशंट, पुण्यालाच नेतो." फाइल पुण्याची, डॉक्टर पुण्याचा, गाडी लागली पुण्याच्या रस्त्याला. मागे माझी जाऊ मला धरून बसली. मीही मान डोलावली असती, डोलावता आली असती तर. आमच्याकडे एकदा मोठ्या शहराचा शिक्का बसला की जवळचा दवाखाना माणसाला दिसतच नाही.

भडगाव मागे पडलं. चाळीसगावच्या अलीकडे मला एक वाक्य एका श्वासात बोलता येईना. ह्यांनी पुण्याच्या डॉक्टरांना फोन लावला. ते ओरडलेच, "पुढे घाट आहे, त्यात शिरू नका! व्हेंटिलेटर असलेला सगळ्यात जवळचा आयसीयू गाठा. आत्ता!"

तिथून आता जळगावपेक्षा धुळं जवळ. गाडी धुळ्याकडे वळली. अहो, ज्या धुळ्याला फक्त कोर्टाच्या कामाला जावं असं मी म्हणायचे, त्या धुळ्याला.

तिथल्या डॉक्टरीणबाई वयाने लहान. नाकातोंडावर घट्ट मास्क बसवला, त्यातून मशीन हवा आत ढकलतं. त्याला बायपॅप म्हणतात. सलाइनमधून इम्युनोग्लोब्युलिन सुरू केलं, म्हणजे त्या वेड्या पहारेकऱ्यांना आवरणारं औषध. एवढं झाल्यावर त्यांनी ह्यांना विचारलं, "पाचोऱ्याहून निघालात, तर जळगाव का सोडलं?"

"ती पुण्याची पेशंट आहे," हे म्हणाले.

"काका, श्वास अडकल्यावर पेशंट जवळच्या गावाचा असतो."

मी वाचले. घरी आले, महिन्याभराने दोराही हातात धरला. धुळ्याच्या त्या डॉक्टरांचे, पुण्याच्या फोनवरच्या डॉक्टरांचे आणि तापल्या गाडीत मला धरून बसलेल्या माझ्या जावेचे उपकार फिटणार नाहीत. ज्यांना हा आजार आहे त्यांना एकच सांगते. मोठ्या शहरात जरूर दाखवा, पण घरापासून जवळचा व्हेंटिलेटर कुठे आहे ते धडधाकट असतानाच जाऊन बघून या. तिथे नातेवाईक नसले तरी चालेल.

आणि हेवा? तो आहेच. पुण्यात ट्रायल होते, मग धुळ्यात का नाही, जळगावात का नाही, या प्रश्नाने माझं डोकं अजून तापतं. तापू दे. पण हे सगळं लिहायला बसले ते दुसऱ्याच एका बाईमुळे.

आयसीयूत माझ्या शेजारच्या पलंगावर तिचा नवरा होता. शिरपूरच्या पलीकडचं सातपुड्यातलं गाव. मण्यार चावली होती. त्या विषानेही पापण्या पडतात आणि श्वास जातो. भेटायच्या वेळेत ती आत आली की आधी माझ्याकडे निरखून बघायची. एकदा तिने विचारलं, "तुमले बी साप चावना का?"

मी मास्क तसाच ठेवून मान हलवली, नाही.

दुसऱ्या दिवशी मास्क निघाला. तिने विचारलं, "कोनतं गाव तुमनं?"

"पाचोरा," मी म्हटलं, आणि सवयीने जोडलं, "लई लांब शे."

"पाचोरा?" ती म्हणाली. "ते त आठेच शे." म्हणजे, ते तर इथेच आहे.

तिचा नवरा त्यानंतरच्या सकाळी गेला. पाड्यावरून रस्त्यापर्यंत त्याला झोळीतून आणलं होतं, पुढे जीप मिळायला उशीर झाला, हे मला नर्सकडून कळलं. पलंगावरची चादर काढत होते तेव्हा ती पिशवी घ्यायला आत आली. जाताना माझ्यापाशी थांबली, माझ्या उघड्या डोळ्यांकडे बघत राहिली.

"तुमना डोया उघडी गया," ती म्हणाली.

तिच्या आवाजात हेवा होता. मला तो लगेच ओळखू आला. वर्षभर मी दुसरं काय केलं होतं?