एका टाक्याला दोन ठोके

कारखान्यात बातमी अशी होती, की माझ्या मावशीचं नेटवर कुणाशी तरी जुळलंय आणि ती आता पळून जाणार. बातमी कटिंगवाल्या बाईंची. त्या नाकातून बोलतात आणि शेवटचा शब्द ताणतात; मी सगळ्यांच्या नकला करते, त्यांची अशी: "परदेशातला आहे म्हणेऽऽ. जेवणाच्या सुट्टीत फोनकडे बघून हसते, मी पाहिलंय नाऽऽ."

हसायची हे खरं. पण जुळलं होतं ते आठ-नऊ जणांशी, आणि त्यातला सगळ्यात तरुण साठीचा. जुन्या, जड शिलाई मशिनी चालवणाऱ्यांचा तो ग्रुप. कुणी बूट शिवायचा, कुणी घोड्यांची खोगिरं, एक बाई बोटींची शिडं. तिला मावशी शिडवाली म्हणायची. कुणाला कुणाची भाषा येत नव्हती. फोनच भाषांतर करायचा, तेही असं: 'प्रिय बहीण, तुझी सुई आज सुखी आहे का?' मावशी त्यालाच हसायची. घरात आम्हाला 'हं' आणि 'बरं' एवढ्यावर भागवणारी ही बाई शिडवालीला सुईबद्दल दहा-दहा ओळी लिहायची.

त्या शुक्रवारी मी तिचा डबा द्यायला गेले, तेव्हा तिचं मशीन बंद होतं आणि दारात टेम्पो उभा होता.

तीन दिवस मशीन टाके सोडत होतं आणि आतून ठोका वाजत होता. मेकॅनिकने कान खाजवत निकाल दिला होता: "शाफ्ट गेला, मालक. काही अर्थ नाही. भंगार." तीन वाजता भंगारवाले मशीन उचलणार, सोमवारी कॉम्प्युटरवालं नवीन येणार आणि त्यावर शिकलेली मुलगी बसणार. मावशीने एकोणीस वर्षं त्या मशीनवर कॅनव्हासच्या पिशव्या शिवल्या होत्या. तिला आता कोपऱ्यात धागे कापायला बसवणार होते.

मालक घसा साफ केल्याशिवाय वाईट बोलत नाहीत. "खं खं. बाई, धागे कापणं हेही कामच आहे ना?"

"तीन वाजायचेत अजून," मावशी म्हणाली.

घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. तिने शिडवालीला लिहिलं. उत्तर आलं: 'कॉल कर. ऐकव.' दोघींना एकमेकींचं बोलणं कळलं नसतं, पण ठोका ऐकायला भाषा कशाला लागते? मावशीने फोन मशीनला टेकवला आणि पायाने पॅडल दाबलं. खडखडाट असा, की माझे दात हलले.

उत्तर: 'काही ऐकू येत नाही. फक्त तू श्वास घेतेस.'

पुन्हा केलं. पुन्हा तेच. अडीच वाजले. भंगारवाल्यांपैकी एकाने मशीनच्या पायाला दोरी बांधायला घेतली.

"फोनला वाटतं हा गोंगाट आहे," मावशी पुटपुटली. "माणसाचा आवाज ठेवतो, बाकी पुसतो." कॅमेरा कधीचाच फुटलेला, म्हणजे व्हिडिओचा प्रश्नच नव्हता.

"माणसाचाच हवा ना? आण इकडे!" मी फोन ओढला आणि तोंडाने मशीन काढलं. खडाड-खट, खडाड-खट, मध्ये एक झोकदार घिर्रर्र. शिवणाऱ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

उत्तर: 'ही मुलगी गुणी आहे. पण हे मशीन नाही.'

माझं तोंड उतरलं. "मला जमलं नाही, ते तुला काय जमणार? तुझ्या तोंडून चार माणसांत 'चहा' निघत नाही. लाव पैज! तू जिंकलीस तर आठवडाभर कुणाची नक्कल नाही करणार."

"बरं," मावशी म्हणाली.

तिने एक तळवा मशीनवर ठेवला, डोळे मिटले, पॅडल दाबलं. सगळा कारखाना बघत होता. तिचे कान लाल झाले. मग फोनजवळ तोंड नेऊन ती बोलू लागली, अगदी कोरडं, जराही न सजवता: "टक-टक. टक-टक. टक-टक."

दोन मिनिटं काहीच आलं नाही. दोरीची गाठ बसली. मालकांनी खं खं केलं.

मग फोन थरथरला: 'सुई एकदा खाली जाते, तेव्हा ठोका एक की दोन? मोज.'

मावशीने मशीन हळू चालवलं, बोटाने मोजलं. 'दोन.'

'मग शाफ्ट ठीक आहे. शाफ्ट, म्हणजे सुई हलवणारा दांडा, एका टाक्याला एकदा फिरतो. खालचा, दोरा पकडणारा हुक दोनदा फिरतो. तिथे बघ.'

"मालक, दहा मिनिटं."

"बाई, टेम्पोवाले थांबणार नाहीत."

"दोरी बांधायला त्यांना वीस लागली," मावशी म्हणाली. एवढं लांब वाक्य ती मालकांपुढे कधी बोलली नव्हती. तिने मशीन आडवं केलं आणि हुकला हात लावला. तो डुगडुगत होता, स्क्रू सैल. सुईशी जुळवून तिने तो आवळला. स्क्रू-ड्रायव्हर दोनदा निसटला. मशीन उभं केलं, तेव्हा तीनला चार मिनिटं कमी होती. मालकांनी चार पदरी कॅनव्हास पुढे सरकवला.

ठोका नाही. टाके ओळीत.

मालकांनी कापडाची उलटी बाजू पाहिली, बोटाने टाके ओढून पाहिले, मग भंगारवाल्यांना म्हणाले, "सोडा दोरी."

मावशीने शिडवालीला काहीतरी लिहिलं. मला दाखवलं नाही. मग माझ्याकडे बघून फक्त ओठांवर बोट ठेवलं.

पैजेप्रमाणे आठवडाभर मी फक्त माझ्याच आवाजात बोलले. दुसऱ्याच दिवशी आईने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला, ताप आहे का म्हणून.