महानंदाकडचा नाताळ

महानंदावर काही लिहावं की लिहू नये, यात माझे चार महिने गेले. शेवटी तिलाच विचारलं. ती कामावर निघाली होती. चप्पल घालता घालता म्हणाली, "लिहा की काका. मला कुठं वाचायला वेळ मिळणार आहे." तेवढीच परवानगी.

ती आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहते. मारतहळ्ळीच्या मुख्य रस्त्यापासून तिसऱ्या गल्लीत आमची चार मजल्यांची इमारत आहे. दुसऱ्या मजल्यावर एका बाजूला मी, माझा मुलगा अभिजीत आणि सून. दुसऱ्या बाजूला महानंदा आणि तिची मुलगी एस्तेर. आम्ही निपाणीचे, ती बेळगावची. इमारतीत मराठी बोलणारी ही दोनच घरं, म्हणून ओळख झाली. नाहीतर मी आपणहून कुणाचं दार वाजवणारा माणूस नाही. तिच्या घरचे लोक तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. बायबल मराठीत, प्रार्थना मराठीत. नाताळच्या करंज्या आमच्या दिवाळीच्या करंज्यांसारख्याच, फक्त सारणात तीळ जास्त.

तिचा नवरा जितेंद्र एका गोदामात कामाला होता. दोन वर्षांपूर्वी त्याला कावीळ झाली आणि तीन आठवड्यांत तो गेला. मग महानंदा महादेवपुऱ्याच्या एका आयटी पार्कमध्ये साफसफाईच्या बायकांवर सुपरवायझर म्हणून लागली. हाताखाली बावीस बायका. सकाळी सहाला कंपनीची गाडी नाक्यावर येते, परत यायला कधी पाच, कधी आठ. एस्तेर नऊ वर्षांची. शाळेतून आली की आमच्याकडे दप्तर टाकायची, दूध प्यायची आणि आई येईपर्यंत माझ्यासमोर बसून गणितं करायची.

जितेंद्रची आई अंबूबाई बेळगावला असतात. दर रविवारी त्यांचा फोन यायचा. महानंदा हातातलं काम न सोडता फोन स्पीकरवर ठेवायची आणि दोन्ही घरांची दारं उघडी असल्यामुळे मला सगळं ऐकू यायचं.

"कंपनीचं नाताळचं झाड तू सजवतीस. माझ्या नातीची वेणी कोण घालतंय? समोरचा म्हातारा?"

"ती स्वतः घालते, आत्या." सासूला ती आत्या म्हणते.

"ते दिसतंय फोटोत."

अंबूबाईंचं म्हणणं एकच होतं. एप्रिलमध्ये परीक्षा झाली की एस्तेरला बेळगावला पाठव. शाळा बघून ठेवलीय, शेजारी चार मुली तिच्या वयाच्या आहेत, आणि नाताळात इथं कॅरलवाले घरोघर गात फिरतात. पोरीला सण म्हणजे काय ते तरी कळेल. गेल्या नाताळात ती अंधारात बसली होती.

"गेल्या नाताळात घरात दुःख होतं, आत्या."

"मग यंदा बघू की. पोरीलाच विचार."

एस्तेर आतून सहज बोलली, "कॅरलवाले इथं आपल्याकडं आले तर मी इथंच राहीन, आजी."

लेकराचं बोलणं. पण अंबूबाईंनी ते धरून ठेवलं आणि महानंदानेही. "चालेल," ती म्हणाली, "यंदाचा नाताळ झाला की तीच सांगेल. ती म्हणेल तसं. माझा शब्द."

नंतर जिन्यात भेटली तेव्हा मला म्हणाली, "पोरगी सहज बोलली काका. पण ही गेली तर मी कुणासाठी घरी यायचं?" मी विचारलं, पाणी आलं का. असंच होतं माझं.

डिसेंबर लागला तसं तिचं काम दुप्पट झालं. आयटी पार्कच्या लॉबीत सव्वीस फुटांचं झाड उभं करायचं होतं, चार मजल्यांना माळा, कँटीनमध्ये कापसाचा बर्फ. तिने मला मोबाइलवर फोटो दाखवला. झाड खरोखरच सुंदर होतं. "यातला एक गोळासुद्धा येशूसाठी नाही बघा," ती म्हणाली. "सगळे सेल्फीसाठी."

घरचं ती पहाटे करायची. साडेचारला तिच्या स्वयंपाकघरात तेल तापल्याचा वास यायचा. मला तेव्हा जाग असतेच. एकदा तिने दार उघडं बघून हाक मारली आणि शंकरपाळी कापायला बसवलं. माझ्या हाताला कातणं नवीन.

"काका, चौकोन करताय की तालुक्यांचे नकाशे?"

"तळल्यावर सारखे दिसतील."

"तळल्यावर खानापूर आणि हुक्केरी दिसतील." ती हसली. त्या महिन्यात मी तिला तेवढंच एकदा हसताना बघितलं. सहाच्या गाडीपर्यंत डबे भरून झाकणं लावली होती. त्यांच्याकडे कॅरलवाल्यांनी प्रार्थना केल्याशिवाय फराळाला हात लावत नाहीत, म्हणून एस्तेरने तुकडासुद्धा चाखला नाही. ज्या घरी गाणारे जातात तिथल्या मुलाने एक कडवं एकट्याने म्हणायचं असतं. एस्तेर ते कडवं माझ्यासमोर गणितं करताना गुणगुणायची. मला गाण्यातलं कळत नाही, पण ती कुठं श्वास घेते ते माझ्याही लक्षात राहिलं होतं.

एक तारखेला महानंदाने रस्त्याकडच्या गॅलरीत आत दिवा असलेला लाल कागदाचा तारा टांगला. खिळा जितेंद्रच्या उंचीने मारलेला, तिचा हात पुरेना. स्टूल मी धरलं.

त्यांच्या मराठी चर्चच्या कॅरलवाल्यांचे प्रमुख पिराजीअण्णा. त्यांनी निरोप दिला की एकवीस तारखेला, रविवारी, संध्याकाळी पाच ते सात मारतहळ्ळीची घरं. इथल्या इमारतींत रात्री ढोलकी वाजवू देत नाहीत, म्हणून ते आता लवकरच उरकतात. महानंदाने त्या रविवारची रजा तीन आठवडे आधी मागून ठेवली होती. शनिवारी संध्याकाळी मॅनेजरने सांगितलं, सोमवारी परदेशातले साहेब येतायत, उद्या यावंच लागेल, निदान दोनपर्यंत.

"तीनला घरी असते मी," सकाळी जाताना ती मला म्हणाली. ताऱ्यातला दिवा तिने तेव्हाच, साडेपाचच्या अंधारात, लावून ठेवला होता.

साडेतीनला तिचा फोन आला. "काका, दोघी आल्याच नाहीत कामावर. लॉबी अजून तशीच पडलीय. मला पाच वाजतील, वर स्वल्प उशीरही होईल. ते आधी आले तर बसवून घ्या. चहाचं आधण ठेवा. बाकी एस्तेरला सगळं माहीत आहे."

"सरी," मी म्हणालो. कानडीत 'बरं'; इथं राहून तो शब्द माझ्याही तोंडात बसलाय.

मी तिच्या घरी गेलो. एस्तेर पांढरा फ्रॉक घालून आत आरशासमोर होती. गॅलरीत ऊन होतं आणि त्या उन्हात ताऱ्यातला दिवा फिकट जळत होता, सकाळपासून. मी चौतीस वर्षं वीज खात्यात कारकुनी केली. दिवसा दिवा जळताना दिसला की माझा हात आपोआप बटणाकडे जातो, घरात सून त्यावरून मला हसते. मी बटण दाबलं. मग डास येतील म्हणून गॅलरीचं दार लावलं, पडदा ओढला आणि एस्तेरने दिलेली रिबीन तिच्या केसांना बांधायला लागलो. बटणाचा विषय माझ्या डोक्यातून तिथंच गेला.

साडेपाचनंतर अंधारून आलं. महानंदाचा पत्ता नव्हता; फोन केला तर म्हणाली, रिंग रोडला अडकलेय. सहाच्या सुमारास गल्लीच्या तोंडाशी ढोलकी ऐकू आली. एस्तेर उठून दाराशी उभी राहिली. मी आधण ठेवलं. ढोलकी जवळ आली, आमच्या इमारतीखाली आली आणि थांबली. एस्तेरने फ्रॉक खालून ओढून सरळ केला.

जिन्यात पावलं वाजली नाहीत. मग ढोलकी पुन्हा सुरू झाली, पण पलीकडून.

"काका, ते आधी मागच्या गल्लीत जाऊन येतात का?"

"येतील," मी म्हणालो. मला काहीच माहीत नव्हतं. खरं म्हणजे मी खाली जाऊन त्यांना गाठायला हवं होतं. अनोळखी पंधरा-वीस माणसांपुढे जाऊन काय बोलायचं, याचा मी विचार करत राहिलो, आणि तेवढ्यात ढोलकी ऐकू येईनाशी झाली. चहाचं पाणी आटलं, मी पुन्हा घातलं.

पावणेसातला महानंदा युनिफॉर्ममध्येच, धापा टाकत वर आली. तिने आम्हाला काही विचारलं नाही. खाली वॉचमन मंजुनाथने तिला सांगितलं होतं. ते लोक गेटातून आत आले, वर बघितलं, त्यांच्यातल्या म्हाताऱ्याने टोपी काढली, सगळे मिनिटभर मान खाली घालून उभे राहिले आणि निघून गेले.

तिने सरळ जाऊन पडदा सारला, गॅलरीचं दार उघडलं. बाहेर काळोखात तारा नुसता कागद झाला होता. तिने बटण दाबलं. तो लागला.

"एस्तेर, तू घालवलास?"

"नाही, आई."

"खोटं बोलू नकोस."

"मी नाही घालवला."

एस्तेरचा चेहरा रडवेला झाला तेव्हा माझ्या तोंडातून शब्द फुटले. "मी बंद केला. दिवसा जळत होता म्हणून."

महानंदाने माझ्याकडे बघितलं, मग पिराजीअण्णांना फोन लावला.

"तारा विझलेला दिसला, पोरी," पलीकडून अण्णा म्हणाले. "ज्या घरात दुःख असतं तिथला तारा बंद असतो, आणि तिथं आपण गात नाही. तुला काय सांगायचं. आम्ही म्हटलं, अजून तुझं मन झालं नसेल. खालूनच प्रार्थना केली."

"आता लागलाय अण्णा. चालू आहे."

"आम्ही एचएसआर लेआउटच्या वाटेवर आहोत गं. तिथं सात घरं वाट बघतायत. उद्यापासून सगळ्यांच्या ड्युट्या." मग ते म्हणाले, "पंचवीसला चर्चमध्ये पोरीला गायला सांगतो."

"सरी, अण्णा."

एस्तेर रिबीन सोडत होती. "चर्चमध्ये सगळेच गातात," ती म्हणाली आणि आत गेली.

मी जायला निघालो. महानंदा म्हणाली, "असू द्या काका. तुम्हाला कसं कळणार." आवाजात राग नव्हता. ती मला चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

पंचवीस तारखेला सकाळी त्या दोघी चर्चला जाऊन आल्या. महानंदाला एकच्या गाडीने कामावर जायचं होतं. लॉबीतल्या झाडासमोर त्या दिवशी कुणाची तरी मेजवानी होती. फराळावर तिने स्वतःच प्रार्थना केली आणि ताटं भरायला घेतली. मी ताटांवर झाकायला रुमाल देत होतो. तेवढ्यात अंबूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. त्यांच्या मागे अंगणात खुर्च्या मांडलेल्या दिसत होत्या, कुणीतरी पेटी वाजवत होतं.

"आलं का गं कॅरल तुमच्याकडं?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता त्यात.

एस्तेरने आईकडे बघितलं. ते लोक गेटापर्यंत आले होते, हे खरंच होतं. महानंदा 'आले होते' म्हणाली असती तर ती खोटं बोलली, असं मी तरी म्हटलं नसतं. ती म्हणाली, "काय झालं ते सांग आजीला."

"नाही आलं, आजी," एस्तेर म्हणाली. "मी येते एप्रिलमध्ये."

अंबूबाईंनाही ते इतकं सरळ ऐकायचं नव्हतं बहुतेक. "तुझी आई काय म्हणते?"

महानंदा करंज्या मोजून ठेवत होती, प्रत्येक ताटात चार. तिने एका ताटातली पाचवी उचलून बाजूला केली. "मी शब्द दिला होता, आत्या," ती म्हणाली. मग माझ्याकडे ताटं सरकवत, "काका, ही दोन वरच्या मजल्यावर द्याल का? माझी गाडी चुकेल." मी वर गेलो. दार उघडणाऱ्या बाईंना मला नीट सांगतासुद्धा आलं नाही की हे कुणाकडून.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात अंबूबाई स्वतः न्यायला आल्या. दोन बॅगा आणि शाळेचा दाखला. महानंदाने रजा मागितली होती, अर्धा दिवस मिळाला. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा वळून दिसेनाशी होईपर्यंत ती थांबली, मग नाक्याकडे चालत गेली, कारण दुपारची गाडी यायची वेळ झाली होती.