हा डाग माझा की तुझा?

खोटे मुरुम रंगवण्यात मेकअपवाल्या मावशीचा हात धरणारं त्या अख्ख्या स्टुडिओत कुणी नव्हतं. आधी नाटकातले राजे आणि राक्षस, मग लग्नातल्या नवऱ्या, असं करत करत ती टीव्हीवर येऊन पोचली, आणि टीव्हीने तिला दिलं काय, तर वयात येणाऱ्या पोरांना शहाणं करणारी मालिका! दर भागात एक नवं दुखणं. मुरुम, पाळी, फुटलेला आवाज, चोरून ओढलेली सिगरेट, परीक्षेची धास्ती. कामाला येणारी पोरं मात्र पारखून घेतलेली, तुळतुळीत गालांची. त्यांच्या तोंडावर दुखणी चढवायची मावशीने. "जन्मभर माणसं गोरी केली," ती कुरकुरायची, "आणि आता म्हातारपणी चांगल्या तोंडांची वाट लावत बसलेय." कुरकुर आपली नुसती तोंडदेखली. हात मात्र असा चालायचा की खुर्चीतल्या पोराला डुलकी लागावी.

घरी ती आणि तिची धाकटी बहीण, दोघीच. बहीण मालिका डोळ्यांत तेल घालून बघायची आणि भाग संपला की निकाल लावून मोकळी व्हायची. "हनुवटीवरचा जास्त झाला गं. मुरुम कसला, गळू वाटत होतं!" मावशी तोंड फुगवून बसायची, बोलणं टाकायची, आणि पुढच्या खेपेला हनुवटीवरचा गुपचूप लहान करायची.

मग घरातल्या मारावरचे भाग आले. त्यासाठी जी मुलगी निवडली ती नववीतली, काटकुळी, डोळेच मोठे. मावशीने पहिल्याच दिवशी तिचं नाव काडी ठेवलं. आई लहानपणीच गेलेली, घरात ती आणि बाप. सुरुवातीला काडी "तुम्ही, तुम्ही" करायची, पण आठवड्याभरात "तू"वर आली आणि मावशीला मनातून फार बरं वाटलं.

रोज सकाळी काडीच्या डाव्या डोळ्याखाली मार उठवायचा, संध्याकाळी पुसून टाकायचा. हात चालू असला की मावशीच्या तोंडाचा पट्टाही चालूच. "मार बसल्या बसल्या निळा नसतो हं पोरी. आधी लाल, मग जांभळा, आणि जाताना हिरवट पिवळा होऊन जातो. हे इथल्या शहाण्यांना कोण सांगणार?"

"पिवळा जायला सगळ्यात जास्त दिवस लागतात," काडी डोळे मिटूनच म्हणाली.

"अगं बाई! कुठे वाचलंस?"

"असंच."

मावशीने तिच्या हुशारीचं कौतुक केलं आणि पुढचा रंग घेतला.

काडीचा बाप दिवसभर बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसून असायचा, मांडीवर पोरीचा डबा आणि पाण्याची बाटली. माणूस सगळ्यांना आवडायचा. कुणाचं सामान उचलू लागायचा, कुणाला बसायला जागा करून द्यायचा. संध्याकाळी काडी तोंड पुसून बाहेर आली की तो उठायचा आणि मावशीला विचारायचा, "काय मावशी, आज किती मारलंत माझ्या पोरीला?"

"दोन ठेवून दिल्या चांगल्या!" मावशी म्हणायची, आणि दोघं हसायची. काडीही हसायची, जरा मागाहून.

मुख्य प्रसंगाच्या दिवशी काडी कानांवरून गळ्याला ओढणी गुंडाळून आली. मावशीने ती सोडली आणि बघते तर डाव्या जबड्यावर, थेट कानापर्यंत, सगळं जांभळं. मावशीचं डोकंच फिरलं.

"काल घरी जाऊन तोंड धुतलं नाहीस ना? रंग राहिला तो राहिला, उशीला घासून खाली उतरला बघ सगळा! शंभरदा सांगितलंय, साबणाने धू, साबणाने धू!"

बोलता बोलता तिने कापसावर क्रीम घेतलं आणि चोळायला लागली. निघेना. आणखी क्रीम घेतलं, जोर लावला. "मेला कसला रंग पाठवलाय या खेपेला! निघायचं नावच घेत नाही." काडीने खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले होते. डोळे मिटलेले, तोंडातून हूं की चूं नाही. मिटलेल्या डोळ्यातून पाणी ओघळून मावशीच्या बोटावर आलं, तेव्हा कुठे मावशीने हातातला कापूस पाहिला.

कापूस पांढराच्या पांढरा होता.

दुखऱ्या जागेवर आपणच आत्ता एवढा जोर केला, हे तिला कळलं.

"मावशी," काडी हळूच म्हणाली, "तो तुझा नाहीये. माझा आहे."

"कुणी गं?"

काडीने दाराकडे पाहिलं. दारापलीकडे व्हरांडा, व्हरांड्यात बाक. "त्यांना कळू देऊ नकोस हं. माझं इथे येणं बंद करतील. इथे असते तेवढा दिवस बरा जातो गं."

बाहेरून हाक आली, "मावशी, आवरा! दिवे लागलेत!"

मग मावशीने तिला येत होतं ते केलं. जांभळ्यावर नारिंगीचा हलका हात, त्यावर कातडीचा रंग, वर पावडर. मार दिसेनासा झाला. आणि मग तिथून बोटभर वर, डोळ्याखाली, तिने रोजचा खोटा मार रंगवला, कारण कालच्या दृश्यात तो तिथे होता. रंगवताना तिला स्वतःची किळस आली, पण हात काही थरथरला नाही. सवयीचा हात तो.

काडी दिव्यांपुढे उभी राहिली, कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, "घरी कुणी मारत असेल तर गप्प बसू नका. तुमच्या विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगा." एका दमात, एकही शब्द न अडखळता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मावशी मागे अंधारात उभी होती.

जेवणाच्या सुट्टीत मावशीने डॉक्टरीणबाईंना गाठलं. मालिकेतला शब्द न् शब्द या बाई तपासायच्या. त्यांनी मावशीचं सगळं ऐकून घेतलं, एकही शंका काढली नाही, तिथल्या तिथे मुलांच्या संरक्षणाच्या कचेरीत फोन लावला. "त्यांची माणसं उद्या सकाळी इथेच येतायत," त्या म्हणाल्या. "पोरगी आली की आधी तिच्याशी एकटीशी बोलू. मग तिला त्या घरी परत जावंच लागणार नाही. तेवढी आजची संध्याकाळ सांभाळा, मावशी. त्या माणसाला ताकास तूर लागू देऊ नका. रोजच्यासारखं वागा."

रोजच्यासारखं वागायचं. बस, एवढंच.

संध्याकाळी मावशीने डोळ्याखालचा खोटा मार पुसला, जबड्यावरचा रंग मात्र, खालचा मार कुणाला दिसू नये म्हणून, तसाच ठेवला. "उद्या लवकर ये हं राणी," ती कानात म्हणाली. काडीने मान हलवली. दोघी बाहेर आल्या. बाप बाकावरून उठला, डबा पिशवीत टाकला.

"काय मावशी, आज किती मारलंत माझ्या पोरीला?"

दोन ठेवून दिल्या, म्हणायचं आणि हसायचं. महिनाभर तेच तर करत आली होती. मावशीने तोंड उघडलं आणि जीभ टाळूला चिकटली. हसायला गेली तर ओठ नुसतेच हलले. जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडावरचं झाकलं त्या बाईने, पण स्वतःच्या तोंडावरचं तिला झाकता येईना. बाप तिच्याकडे बघत राहिला. त्याचं हसू होतं तिथेच होतं, पण नजर पोरीच्या जबड्यावर गेली आणि परत मावशीवर आली.

"दमलात वाटतं आज," तो अगदी मायेने म्हणाला आणि त्याने काडीच्या खांद्यावर हात ठेवला.

व्हरांड्याच्या टोकाशी काडीने वळून पाहिलं. तिलाही कळलं होतं. रागाने बघितलं असतं तर मावशीने सोसलं असतं, पण पोरगी बघत होती ती मावशीचीच कीव आल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी काडी आली नाही. फोन बंद. डॉक्टरीणबाई त्या कचेरीतल्या माणसांना घेऊन घरी धडकल्या, तर दाराला कुलूप. उजाडायच्या आत टेम्पोत सामान भरून गेले, शेजारचे म्हणाले, कुठे ते ठाऊक नाही. बाईंनी तक्रारी केल्या, शाळेत विचारलं, ओळखीतल्या प्रत्येकाला कामाला लावलं. कितीतरी महिने झाले, अजून शोध चालूच आहे. मावशीला त्यांनी एका शब्दाने दोष दिला नाही. एकदा तरी फाडफाड बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मावशीला वाटायचं.

तो भाग दाखवला गेला आणि पोरांचे फोनवर फोन आले. कितीतरी मुलांनी सांगितलं, काहींची सुटकाही झाली. डॉक्टरीणबाई हे सांगायला आल्या तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. मावशी एकेकीबद्दल विचारत राहिली, "काटकुळी आहे का हो? डोळे मोठे आहेत?"

भाग लागला त्या रात्री घरी बहीण टीव्हीसमोरून उठली. "आजचा मार मात्र एक नंबर हं! अगदी खरा वाटला बघ." मावशी तडक स्वयंपाकघरात गेली. दुसऱ्या दिवशीचा मेकअप जुळावा म्हणून रोज खुर्चीत घेतलेले फोटो तिच्या फोनमध्ये होते. शेवटच्या दिवसाचा तिने उघडला, बोटांनी मोठा करून जबडा बघितला. खरा मार कुठे होता ते तिला स्वतःलाच सापडेना. इतकं बेमालूम काम तिने आयुष्यात केलं नव्हतं. ओट्याला टेकून ती रडली, नळ सोडून, बहिणीला ऐकू जाऊ नये म्हणून.

राहिलेल्या भागांसाठी दुसरी मुलगी आली. गोबरी, बडबडी. मावशीने आधी तिचं तोंड साध्या पाण्याने पुसलं, दार लावून घेतलं आणि कोपरावरच्या एका खुणेवर बोट ठेवलं.

"हा डाग माझा की तुझा?"

"अय्या, तुमचा कसा असेल? सायकलवरून पडले मी!" पोरगी खिदळली. "आणि हा डासाचा!"

तेव्हापासून मावशी प्रत्येक पोराला, प्रत्येक डागाबद्दल विचारते. पोरांना ती गंमत वाटते. आपसात तिची नक्कल करतात.

गोबरीच्या त्या पहिल्या संध्याकाळी तिचा बाप न्यायला आला. साधा, भोळा माणूस. पोरीच्या डोळ्याखाली राहिलेला थोडासा रंग बघून कुणालाही सुचेल तेच त्याला सुचलं.

"काय मावशी, आज किती मारलंत आमच्या पोरीला?"

"दोन ठेवून दिल्या चांगल्या!" मावशी म्हणाली आणि हसली. खो खो हसली, भिंतीला धरून हसली, व्हरांडा दणाणून सोडला तिने. आपला विनोद एवढा जमला म्हणून तो बिचारा खूश झाला. बापलेक पार फाटकाबाहेर जाईपर्यंत मावशी हसत राहिली.