तिसऱ्या पायरीवरचा बाण

मुठेच्या काठाचा कायापालट करणारे चार आराखडे मी माझ्या नोकरीत पाहिले. प्रत्येक आराखडा पुढच्या वीस वर्षांचा, आणि प्रत्येक सरासरी पाच वर्षं टिकला. म्हणजे एका नोकरीत आम्ही ऐंशी वर्षांचं नियोजन उरकलं. ऐंशी वर्षांत काठावर काय झालं, असं ज्यांना विचारायचं असेल त्यांनी स्वतः जाऊन बघावं. रुमाल बरोबर न्यावा.

चारही वेळा सल्लागार वेगळे, साहेब वेगळे, पहिल्या पानावरची नावं वेगळी. एकच माणूस चारही आराखड्यांत होता आणि त्याचं नाव कुठल्याच पानावर नव्हतं. तो म्हणजे रामदास, आमच्या कचेरीतला खलाशी. पुण्यात समुद्र नसताना खलाशी कसा, असं नवीन लोक विचारतात. मोजणीच्या वेळी आकडे रंगवलेली उंच लाकडी पट्टी धरून जो उभा राहतो, त्याला आमच्याकडे खलाशी म्हणतात. लांबून इंजिनियर दुर्बिणीतून पट्टीवरचा आकडा वाचतो, वहीत लिहितो, आणि त्यावरून जमिनीची उंची ठरते. दुर्बिणीमागचा इंजिनियर मी.

रामदास हडपसरचा. घरची शेती होती, ती भावांनी विकली. तिथे आता काचेची इमारत आहे आणि अमेरिकेतल्या लोकांचे हिशेब तिथे बसून होतात. याच्या वाट्याला जे आलं त्यात दोन मुलींची लग्नं झाली. पुतणे गाड्या उडवायला लागले. हा मात्र खांद्यावर डबा लटकवून रोज बसने नदीवर यायचा. ‘‘अहो रामदास, शेताचं वाईट वाटत नाही का?’’ असं मी एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, ‘‘वाटतं की. पन जोतं लई खाली घेतलंय त्येंनी. पानी शिरनार.’’ पहिल्याच पावसाळ्यात त्या इमारतीच्या तळमजल्यावर पाणी शिरलं.

पट्टी सरळ धरणं सोपं वाटतं. पट्टी किंचित कलली तरी आकडा चुकतो. बाकीचे खलाशी दहा मिनिटांनी कंटाळायचे, विडी काढायचे, पट्टी झाडाला टेकवायचे. रामदास कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला तरी पट्टी ओळंब्यात असायची. त्या पाण्यात आणखी काय काय असायचं ते मी लिहीत नाही, हे वाचताना कुणी जेवत असेल.

आता थोडं आमच्या कामाबद्दल. मोजणीला सुरुवात करायची तर एक जागा अशी लागते जिची उंची पक्की माहीत आहे. तिला बेंचमार्क म्हणतात. आमचा खरा बेंचमार्क पुलावर होता. पण रोज पुलावरून सुरुवात करायची म्हणजे वाहतुकीत दुर्बीण मांडा, शिव्या खा, अर्धा दिवस घालवा. म्हणून अगदी सुरुवातीला मी पुलावरची उंची मोजत मोजत खाली आणली आणि शनिवार पेठेमागच्या एका लहान घाटाच्या तिसऱ्या पायरीवर ठेवली. रामदासने तिथे तांबड्या ऑइलपेंटने बाण काढला. त्यानंतर सगळी मोजणी त्या बाणापासून निघायची आणि संध्याकाळी त्याच बाणावर परत यायची. जाताना आणि येताना आकडा जुळला की काम बरोबर. आमचा नेहमी जुळायचा. एवढं स्वच्छ काम कचेरीत दुसऱ्या कुणाचं नव्हतं आणि मी ते लोकांना सांगतही असे.

घाटाला लागून बुरुडांची सात घरं होती. त्यातलं शेवटचं यमुनाबाईंचं. त्या दारात बसून सुपं आणि टोपल्या विणायच्या. आमची दुपारची भाकरी त्यांच्या दारात व्हायची. दुर्बिणीची पेटी आणि पट्टी त्यांच्याच घरात राहायची, कारण कचेरीत परत नेली तर सकाळी भांडारपाल कुलूप उघडायला अकराला येणार. वीस वर्षं त्या बाईने सरकारी माल सांभाळला आणि आम्ही त्यांच्याकडून एक पोचपावतीही घेतली नाही.

पहिले तीन आराखडे कुणाच्या घरापर्यंत पोचलेच नाहीत. समारंभापर्यंत पोचले. चौथा मात्र जोरात निघाला. दोन हजार सात साल होतं. पुण्याला जगातल्या शहरांसारखं व्हायचं होतं आणि त्या शहरांना नदीकाठ होते. सल्लागार कंपनीचा अभिनव नावाचा मुलगा मांडीवर लॅपटॉप घेऊन आला. आम्ही दिलेले आकडे त्याने त्यात घातले आणि चुटकीसरशी नकाशावर निळी रेषा उमटली. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणारा मोठा पूर जिथवर चढतो ती रेषा. तिच्या आत कुणी राहायचं नाही. यमुनाबाईंचा उंबरा त्या पुराच्या पातळीपेक्षा आठ इंच खाली भरला आणि घर आत आलं. बाकीची सहा त्यांच्याबरोबर आत आली.

हरकतींची सुनावणी झाली. मोठे साहेब मध्ये, मी शेजारी, नकाशांच्या गुंडाळ्या घेऊन रामदास दाराशी उभा.

साहेब म्हणाले, ‘‘बोला. आपली हरकत काय?’’

यमुनाबाई म्हणाल्या, ‘‘पानी आमच्या उंबऱ्याला लागत न्हाई. चार बोटं खालीच ऱ्हातं. तीन डाव बघितलंय म्या.’’

‘‘पुरावा?’’

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. दारात ओळखीचा माणूस दिसला. ‘‘रामदासभाऊ, हे तुमी मोजलंय का?’’

‘‘व्हय.’’

‘‘तुमीच पट्टी धरली हुती?’’

‘‘म्याच.’’

‘‘मंग माझंच चुकलं आसंल,’’ असं म्हणून त्यांनी ‘हरकत मागे’ या शब्दांखाली अंगठा उठवला. त्यांचं बघून बाकीच्या सहा घरांनीही उठवला. सात हरकती अर्ध्या तासात निकालात निघाल्या, म्हणून साहेब खूश झाले आणि त्यांनी सगळ्यांना चहा सांगितला. रामदासने घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला.

‘‘साहेब, बाई खोटं बोलत न्हाई.’’

‘‘मग काय, पट्टी खोटं बोलते?’’

‘‘पट्टीबी न्हाई बोलत. मंग कोन बोलतंय, ते बघाय पायजे.’’

मी म्हटलं, बघा. माणसाला गप्प करायचं असलं की आम्ही हेच म्हणतो. तो खरंच गेला. अकरा वाजता त्याचा निरोप आला की घाटावर या. गेलो, तर हा तिसऱ्या पायरीवर उकिडवा बसून छिन्नी-हातोड्याने बेंचमार्क फोडत होता.

इथे आमच्या गावची एक रीत सांगायला हवी. निवडणूक जवळ आली की नगरसेवक घाटाला नवी फरशी बसवतो. जुनी उखडायला वेळ कुणाकडे असतो? तिच्यावरच सिमेंट ओततात, वर नवी फरशी, आणि कोपऱ्यात नावाची पाटी. या रीतीने पुण्यातले कित्येक रस्ते घरांच्या वर गेले आहेत आणि लोक ती घरं खचली असं समजतात.

वरच्या गुलाबी फरशीवर तांबडा बाण होता. ती निघाली. खाली सिमेंट, त्याखाली शहाबादी, आणि तिच्यावर तसाच तांबडा बाण. ती निघाली तेव्हा खाली आणखी एक फरशी आणि बाण. तिच्याही खाली पायरीचा मूळचा काळा दगड होता. त्यावर माझ्यासमोर काढलेला पहिला बाण. चारही बाण सारखेच नेटके होते, टोकं एका दिशेला. प्रत्येक नवी फरशी बसली की रामदास आपल्या पदरचा रंग आणून त्यावर नवा बाण काढत होता. कुणी सांगितलं नव्हतं. काम चोख असावं म्हणून.

‘‘बान झाकला म्हनून दुसरा काढत हुतो,’’ तो म्हणाला. ‘‘फरशी नवी हाय, येवढंच दिसलं मला. पायरी वर आली, त्ये न्हाई दिसलं.’’

त्याने पट्टी लावली. पायरी अकरा इंच वर आली होती. आमच्या वहीत मात्र ती जुन्याच उंचीवर होती. म्हणून तिच्यापासून मोजलेला सगळा काठ वहीत अकरा इंच खाली गेला. पुराची पातळी मात्र पुलावरच्या खऱ्या बेंचमार्कवरून धरलेली होती. बाणापासून निघून बाणावरच परत यायचं, तर आकडा न जुळून जाईल कुठे? यमुनाबाईंचा उंबरा वहीत निळ्या रेषेच्या आठ इंच खाली होता. खरा तो तीन इंच वर होता. तीन इंच म्हणजे चार बोटं.

रामदासने स्वतःच्या हाताने अर्ज लिहिला. ‘माझ्या हातून चूक झाली आहे. सात घरे रेषेच्या बाहेर आहेत. ती पाडू नयेत.’ खाली सही. मोठ्या साहेबांनी अर्ज दोनदा वाचला आणि परत दिला. ते म्हणाले, चतुर्थ श्रेणीच्या कर्मचाऱ्याला एवढी मोठी चूक करण्याचा अधिकार नाही. मग माझ्याकडे वळले.

‘‘वहीवर सही कुणाची आहे?’’

‘‘माझी.’’

‘‘आपली बढती कधी आहे?’’

‘‘जूनमध्ये.’’

‘‘मार्च चालू आहे,’’ ते म्हणाले आणि दुसरी फाइल ओढली.

दुरुस्तीचं टिपण मी लिहायचं होतं. एका पानाचं काम. मी ते जूनपर्यंत लिहिलं नाही. रामदास रोज सकाळी येऊन विचारायचा, मी म्हणायचो की लिहितोय. एप्रिलमध्ये त्याने विचारणं बंद केलं. पण सकाळी समोर येऊन उभा राहायचा आणि जायचा. मे महिन्यात घरं पाडली. सामान टेम्पोत चढवायला तो रजा टाकून गेला होता. मी गेलो नाही. मला बढती मिळाली. या सगळ्याची मला आजही लाज वाटते, आणि ती वाटते हे कुठेतरी लिहून ठेवावं म्हणूनच मी रामदासबद्दल लिहायला घेतलं.

बढतीचा आदेश हातात पडल्यावर मी टिपण लिहिलं. चांगलं दोन पानांचं. अभिनव म्हणाला, ‘‘सर, डेटा फ्रीज झालाय. आता चेंज केला तर पूर्ण मॉडेल रीरन करावं लागेल, आणि शुक्रवारी प्रेझेंटेशन आहे.’’ मोठ्या साहेबांनी टिपणावर शेरा मारला, ‘पुढील आराखड्यात दुरुस्ती करण्यात यावी.’

ऑगस्टमध्ये धरणातून पाणी सोडलं. किती सोडलं तो आकडा रेडिओवर सांगितला आणि मी चमकलो. निळी रेषा काढताना धरलेला आकडा जवळपास तोच होता. पंचवीस वर्षांतला पूर पहिल्याच पावसाळ्यात हजर झाला होता. पुलावर ही गर्दी. पुण्यात पूर आला की लोक भाजलेलं कणीस घेऊन बघायला जातात. मी कठड्याशी पोचलो तर खाली रामदास दिसला. भांडारातून परवानगीशिवाय पट्टी काढून तो यमुनाबाईंच्या जोत्यावर उभा होता. भिंती नव्हत्या, छप्पर नव्हतं. जोतं आणि दगडी उंबरा तेवढा राहिला होता, कारण तो उचलायचा दर ठेकेदाराच्या निविदेत नव्हता. एक पोलीस शिट्ट्या मारून त्याला वर बोलावत होता. तो हलत नव्हता. मी खाली उतरलो. चपला चिखलात गेल्या. पाणी पायऱ्या गिळत वर आलं, उंबऱ्याखाली थांबलं, आणि दोन तास तिथेच राहिलं.

रामदासने पट्टी उंबऱ्याला लावली आणि हाक दिली, ‘‘तीन इंच खाली. लिवा.’’

मी वहीत लिहिलं. तारीख घातली, वेळ घातली, सही केली. या खेपेला लगेच केली.

चार दिवसांनी आम्ही दोघं हडपसरला गेलो. सात घरांना तिथल्या एका नव्या इमारतीत खोल्या दिल्या होत्या. यमुनाबाईंची चौथ्या मजल्यावर. वीस फुटी बांबू जिन्यात वळत नाही, म्हणून त्या खाली वाहनतळावर बसून विणत होत्या. रखवालदार दर तासाने येऊन त्यांना उठवत होता. आम्हाला पाहून त्या बाजूला सरकल्या आणि आम्हाला बसायला पोतं दिलं.

रामदास बसला नाही. उभ्यानेच म्हणाला, ‘‘बाई, मोठ्ठं पानी आलं हुतं. तुमच्या उंबऱ्याला लागलं न्हाई. चार बोटं खाली ऱ्हायलं. तुमचं बराबर हुतं. चूक माझी हुती.’’

मी म्हणालो, ‘‘चूक माझीही होती.’’

त्यांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. हातातली कामटी खाली ठेवली.

‘‘मंग आता आमी माघारी यावं का?’’

‘‘न्हाई बाई,’’ रामदास म्हणाला. ‘‘तिथं आता बाग व्हनार हाय.’’

‘‘कवा?’’

रामदासने माझ्याकडे पाहिलं. आराखडा मला पाठ होता. आमचा तो तुकडा शेवटच्या टप्प्यात होता.

‘‘वीस वर्षांनी,’’ मी म्हणालो.

‘‘मंग तवर ऱ्हातो की आमी तिथं,’’ यमुनाबाई म्हणाल्या.