शेऱ्याचा रकाना

निर्मला मावशींना मी गप्प केलं होतं.

त्या गेल्या, आणि परवापासून बोलताहेत.

मावशी नागपूरच्या, जिल्हा परिषद शाळेतून रिटायर झालेल्या. इथे डब्लिनला मुलाकडे राहायच्या. सरकारी घरांत राहणाऱ्या लोकांच्या सर्व्हेचं पार्टटाइम काम त्यांनी हौसेने घेतलं. मी त्याच प्रोजेक्टचा डेटा बघते.

पहिल्याच दिवशी कोरा फॉर्म उलटसुलट करून म्हणाल्या, "अगं दीक्षा, यात शेऱ्याचा रकाना कुठाय?"

"नसतो इथे, मावशी. फक्त टिक करायचं."

"घरातली पहिली ग्रॅज्युएट ना तू? शेऱ्याशिवाय फॉर्म असतो होय! जनगणनेला दारोदार फिरलेय मी."

मी हसून सोडून दिलं.

मग त्या मार्जिनमध्ये लिहायला लागल्या. पेन्सिलीने, मराठीत.

एन्ट्री करणाऱ्यांना त्या नुसत्या रेघोट्या वाटायच्या. तक्रार माझ्याकडे आली. मी मावशींना सांगितलं, "प्लीज, मार्जिन क्लीन ठेवा."

जानेवारीत एका घरातून त्यांचा फोन आला. "वीजबिलाचं काय लिहू गं? ही बाई म्हणते..."

"मावशी, मीटिंगमध्ये आहे. वीज भाड्यातच आहे ना? मग बिलाचे प्रश्न स्किप. रिकामं सोडा."

गेल्या महिन्यात मावशी गेल्या. हार्ट अटॅक.

परवा रिपोर्टसाठी डेटा लावत होते. एका अख्ख्या बिल्डिंगचे बिलाचे कॉलम रिकामे.

बॉस म्हणाली, "म्हणजे बिलच नाही. झीरो टाक."

झीरो टाकला की या लोकांना विजेची काही अडचण नाही, असा अर्थ निघणार. वीजबिलाच्या सरकारी मदतीच्या यादीतून बिल्डिंग बाहेर.

खात्री करावी म्हणून फॉर्मचे स्कॅन उघडले.

प्रत्येक रिकाम्या चौकटीशेजारी मावशी.

"वीज भाड्यात, पण ठरावीकच. जास्त जळाली की वेगळं बिल. म्हणून हीटर बंद."

"आजोबा कोट घालूनच झोपतात."

"ओव्हन उघडा ठेवून शेकतात. घरात लहान मूल. धोका आहे म्हणून सांगितलं."

फळ्यावरचं असावं तसं गोल अक्षर. वाचताना त्यांचा आवाज अगदी कानाशी येत होता. मी दोनदा मागे वळून बघितलं.

मग जानेवारीतला तो फॉर्म आला.

"दीक्षा म्हणते रिकामं सोडा. सोडलं. पण बाईचे हात फार गार होते."

पुढे काही लिहिलेलं नाही.

मी झीरो टाकला नाही. एकेक शेरा इंग्रजीत करून बॉसला वाचून दाखवला. रिपोर्ट थांबलाय.

मंगळवारी मी स्वतः त्या बाईंकडे जाणार आहे.

त्या दार उघडतील ना, एवढंच सारखं डोक्यात येतंय.

आज मावशींच्या आठवणीत पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे.

मावशी, पेन्सिल घेतलीये बरोबर. मार्जिनमध्ये लिहीन.

जय भीम.