शनिवारचा टँकर

दुष्काळाच्या त्या वर्षी परळीतल्या आमच्या कॉलनीत टँकर फक्त सोमवारी आणि शनिवारी यायचा. कॉलनीत ज्यू घर आमचं एकटंच. वडील साखर कारखान्यात केमिस्ट. ते आणत ती सहकाराची पत्रकं वाचतच मी वाढले.

काही दांडगी घरं गड्यांना पाठवून वीस-वीस हंडे आधीच रांगेत लावत. मी संतापून पत्रक काढलं आणि सोसायटीच्या सभेत नियम मंजूर करून घेतला: ज्याचा हंडा, त्यानंच उभं राहायचं.

घरी आले तर आईनं एवढंच विचारलं, "आणि शनिवारी?"

शनिवारी आमचा शब्बाथ. आई त्या दिवशी काम करत नसे. आमचे हंडे शेजारची मावशी भरायची. सोमवारी मावशी वैजनाथाला जायची, तेव्हा आई तिचे भरायची. महिनोन्महिने हे डोळ्यांसमोर होतं, आणि मीच ते मोडलं होतं. मी भरते म्हणाले, तर आई म्हणाली, शब्बाथ घराचा असतो, तू काय घराबाहेरची? आहे त्यात भागवू.

शुक्रवारी संध्याकाळी तिनं शब्बाथचा दिवा लावला. भाकरीआधी हात धुवायला प्रत्येकाला अर्धी वाटी पाणी दिलं. पिंपाचा तळ दिसत होता.

शनिवारी नियम न जुमानता मावशी नेहमीसारखी आमचे हंडे घेऊन रांगेत उभी राहिली. त्या दांडग्या घरांपैकी एका बागायतदारानं माझंच पत्रक तिच्यापुढे नाचवलं. मावशी रांगेच्या कडेला उभ्या असलेल्या माझ्याकडे वळली.

"कावून गं, तुझ्या कागदात शेजारीण बसत न्हाई का?"

 मी म्हणाले, बसते, चूक माझी आहे. बागायतदार हसला. "मग आमचा गडी बी शेजारीच हाय."

"बरं," मावशी म्हणाली, "सोमवारी तुमी त्याच्या घरचा हंडा भरा."

रांग खदखदून हसली. पत्रक हातात घेऊन मी तिथंच नवा नियम सांगितला: ज्यानं आपला हंडा भरला, पुढच्या टँकरला त्याचा आपण भरायचा. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मावशीनं हंडे दारात आणून ठेवले. आई ते बघत बसली होती. म्हणाली, "एक दिवस आपण हात थांबवले की कळतं, घर किती हातांवर चाललंय." इतकी वर्षं शब्बाथ म्हणजे मला नुसती मनाई वाटायची.

सोमवारी मावशीचे हंडे घेऊन मी रांगेत होते. माझ्या मागे बागायतदार उभा होता. हातात गड्याच्या घरचा पोचे पडलेला हंडा, आणि नजर दुसरीकडे.